सातडी

मृणाल आठल्ये कोलकात्यात आली तेव्हा पहिली फजिती तिच्या नावानं केली. बंगालमध्ये मृणाल हे बहुतेक वेळा पुरुषाचं नाव. बँकेच्या क्वार्टरमध्ये गॅसची शेगडी जोडायला आलेला माणूस दारात उभ्या असलेल्या तिलाच म्हणाला, मृणालबाबूंना बोलवा. मृणालबाबू मीच, असं तिनं सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. आतल्या खोलीत अविनाश पोट धरून हसत होता. पुढे बरेच दिवस तो तिला मृणालबाबू म्हणूनच हाक मारायचा.

अविनाश राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि डॉक्टरांनी होण्याची आशाही फारशी दिली नव्हती. मृणालनं पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. पहिलं वर्ष तिनं घरात बसून काढलं. मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी सांगितलं, की अमुक संशोधन संस्थेत डॉक्टर लाहिरींना हाताखाली माणूस हवंय. संस्था लहानशी, इमारत जुनी. लाहिरी उंच, खांदे पाडून चालणारे, अतिशय कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिचे कागद बघितले नाहीत. तिच्या हातात पिपेट दिली आणि एका नळीतून दुसरीत पाणी घालायला लावलं. हात कापत नाही एवढं बघून घेतलं आणि सोमवारपासून या म्हणाले.

लाहिरींचं काम स्टॅट-वन नावाच्या प्रथिनावर होतं. शरीरातल्या एका पेशीत विषाणू शिरला की ती आजूबाजूच्या पेशींना सावध करते. तो इशारा शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर येऊन थडकतो, पण तो आत केंद्रकापर्यंत नेणारं कोणीतरी लागतं. ते काम हे प्रथिन करतं. ते आत गेलं की पेशी लढायची तयारी सुरू करते. आता पेशीत हजारो प्रथिनं. त्यांतलं हे एकच ओळखायचं, ते कुठे आहे आणि किती आहे हे बघायचं, तर त्यालाच चिकटेल आणि दुसऱ्या कशालाही चिकटणार नाही अशी अँटीबॉडी लागते. त्या काळी ती परदेशातून मागवावी लागे. यायला महिने लागत. येईस्तोवर डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं असे, आणि कुपीतली अँटीबॉडी निकामी निघे. एकदा असंच झाल्यावर लाहिरी म्हणाले, आपण आपली बनवू.

बनवायला दोन वर्षं गेली. उंदरांना ते प्रथिन टोचायचं, त्यांच्या प्लीहेतल्या पेशी काढायच्या आणि कर्करोगाच्या पेशींशी जोडून द्यायच्या, म्हणजे त्या मरत नाहीत, वाढतच राहतात आणि अँटीबॉडी सोडत राहतात. पण शेकडो पेशींमधली नेमकी हवी ती अँटीबॉडी बनवणारी एखादीच. बाकीच्या भलत्याच गोष्टी बनवतात. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांत एकेक पेशी ठेवायची, वाढवायची, तपासायची, टाकून द्यायची. हे काम मृणालचं. पहिल्या खेपेला सगळ्या प्लेटी टाकाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला बुरशी आली. तिसऱ्या खेपेला, सातव्या प्लेटच्या डी ओळीत, चौथ्या खळग्यात ती सापडली. पेशीतली प्रथिनं वेगळी करून घेतलेल्या तपासणीच्या फिल्मवर एकच काळी रेघ, जिथे असायला हवी बरोबर तिथे, आणि बाकी सगळं स्वच्छ. लाहिरींनी फिल्म उजेडाकडे धरली, पुष्कळ वेळ बघितली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला चहाला बाहेर घेऊन गेले. कागदोपत्री तिचं नाव सात-डी-चार. मृणाल तिला सातडी म्हणायला लागली.

त्याच महिन्यात अविनाशची नागपूरला बदली झाली.

बदली व्हायचीच होती, दोघांनाही माहीत होतं. मृणाल म्हणाली, सहा महिने दे. पेशी नव्या आहेत, नाजूक आहेत, दर दोन-तीन दिवसांनी बघाव्या लागतात. त्या नीट रुजल्या, गोठवून ठेवल्या, की येते. अविनाशनं कुरकूर केली नाही. तो समजूतदार माणूस होता. तिच्यासाठी डमडमला भाड्यानं दोन खोल्या बघून दिल्या, पडद्यांचे रॉड स्वतः ठोकले आणि गेला.

सहा महिन्यांनी पेशी रुजल्या. मग त्यांची अँटीबॉडी हैदराबादच्या, भुवनेश्वरच्या, पुण्याच्या प्रयोगशाळा मागायला लागल्या. लाहिरी कोणालाही नाही म्हणत नसत. बर्फाच्या डब्यात कुप्या भरून पाठवणं मृणालकडे आलं. ती म्हणाली, कोणाला तरी शिकवते आणि येते. एका विद्यार्थ्याला शिकवलं, तो अमेरिकेला गेला. मग एका मुलीला शिकवलं, तिचं लग्न झालं. पुढे कोणी शिकायला आलं नाही, की मृणालनंच शोधलं नाही, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. अविनाश नागपूरहून रायपूरला गेला, तिथून इंदूरला. दुर्गापूजेच्या सुट्टीत तो यायचा, उन्हाळ्यात ती जायची. भांडण असं कधी झालं नाही. एकदाच, इंदूरच्या घरात, तो म्हणाला होता, की तू येणार असशील तर मी मोठं घर घेतो, नाहीतर या दोन खोल्या मला पुरे आहेत. ती म्हणाली, अजून थोडं थांब. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तिनं डमडमची जागा विकत घेतली.

संस्थेतले लोक प्रेमळ होते. मृणालदी म्हणत, पूजेला साडी देत, घरी जेवायला बोलावत. तिला बंगाली चांगलं यायला लागलं. पण जेवणाच्या टेबलावर गप्पा रंगल्या, की त्या कुणाच्या तरी मामाच्या गावच्या, कुणाच्या तरी शाळेतल्या मास्तरांच्या आठवणींवर जात, आणि तिथे तिचं काही नसे. ती हसायची, जरा उशिरा. मंडळात जाणंही हळूहळू सुटलं. तिथली कुटुंबं तीन वर्षांत बदलत, आणि नवीन येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न विचारी, मिस्टर कुठे असतात. पेशींच्या खोलीत मात्र कोणी नसलं की ती मराठीत पुटपुटत असे. चला, उठा, खायला आणलंय. दिवसभरात तेवढंच काय ते मराठी.

अशी वर्षं गेली. लाहिरी निवृत्त होऊन मुलाकडे दिल्लीला गेले, आणि तिथेच वारले.

मग करोनाची टाळेबंदी आली. संस्था बंद झाली. मृणालकडे आठवड्यातून दोनदा आत जायचा पास होता, कारण गोठवलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात असतात आणि नायट्रोजन उडून जात असतो. तो वेळच्या वेळी भरला नाही तर सगळं संपतं. पुरवठादाराची गाडी उशिरा का होईना येत होती. मे महिन्यात अम्फान चक्रीवादळ आलं, आणि ती यायची थांबली. डमडमला वीज नव्हती, पाणी नव्हतं, फोन मध्येच लागत होते. जशोर रोडवरचे जुने वृक्ष मुळासकट आडवे पडले होते. दुसऱ्या दिवशी ती चालत, मिळेल त्या रिक्षानं, पुन्हा चालत संस्थेत पोचली. जनरेटरचं डिझेल संपलेलं. फ्रीजरमधून पाणी गळत होतं. शुद्ध करून ठेवलेली सातडीची सगळी अँटीबॉडी त्या कोमट पाण्यात गेली होती. तिनं पिंपात लाकडी पट्टी बुडवून बघितली. तळाशी थोडासा नायट्रोजन उरला होता. दोन-तीन दिवसांचा असेल.

पुरवठादाराचा फोन लागेना. ओळखीच्या दोन संस्थांत फोन केला, त्यांचीही तीच गत. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गल्लीत दूधवाला उभा होता. वादळानंतर पहिल्यांदाच आला होता, आणि गाईंचे हाल सांगत होता. ऐकता ऐकता मृणालला आठवलं, की वळूंचं वीर्यही नायट्रोजनमध्येच ठेवतात. तिनं विचारलं, तुमच्या गाईंना इंजेक्शन द्यायला कोण येतं? त्यानं मध्यमग्रामच्या निमाई घोषचा नंबर दिला.

निमाई घोष पन्नाशीचा, काळासावळा, मोटरसायकलवर वळूंच्या वीर्याचं पिंप बांधून गावोगाव हिंडणारा माणूस. तिनं फोनवर सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं मध्येच थांबवून विचारलं,

"दीदी, तुमच्याकडे कुठल्या जातीचं बीज आहे?"

"बीज नाही. उंदराच्या पेशी आहेत."

"उंदराच्या," तो म्हणाला. "बरं. सकाळी येतो."

त्याच्याकडेही पुरवठा आला नव्हता. दोन पिंपं होती, एक भरलेलं, एक अर्धं. तो अर्धं घेऊन आला. सरकारी कामाचा पास असल्यानं त्याला कोणी अडवत नव्हतं. मृणाल त्याच्या मागे बसली, मध्ये पिंप, तिचे दोन्ही हात पिंपाभोवती. पडलेल्या झाडांच्या फांद्यांखालून, कुठे फुटपाथवरून, कुठे ढकलत त्यांनी गाडी नेली. संस्थेत पोचल्यावर निमाईनं नायट्रोजन ओतला तेव्हा पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत दाराबाहेर गेली. तो पिंपात वाकून बघत होता. हे कशाला लागतं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, यापासून एक औषध बनतं. औषध म्हणजे तपासायची वस्तू. रोगाशी लढायला शरीर जागं झालं की नाही ते त्यावरून कळतं. निमाईनं मान डोलावली. मग म्हणाला, तुम्ही एकट्याच बघता का हे सगळं? ती हो म्हणाली. डमडमला उतरवून देताना म्हणाला, पुन्हा लागलं तर फोन करा, वळू थांबतील. आठवड्यानं पुरवठादाराची गाडी आली. निमाईला तिनं नंतर दोनदा फोन केला, खुशाली विचारायला. मग तेही राहून गेलं.

लाहिरींच्या जागी ऋता सान्याल आली होती. चाळिशीच्या आतली, हुशार, झपाझप चालणारी. ती मृणालला मान द्यायची, आणि तो खरा होता. संस्था उघडल्यावर मृणालनं कुप्या बाहेर काढून सातडी पुन्हा वाढवली. पेशी जगल्या होत्या, पण फिल्मवरची रेघ फिकट होती. वाढता वाढता बऱ्याच पेशी अँटीबॉडी बनवायचंच विसरल्या होत्या. असं होतं कधीकधी. मृणालनं पुन्हा प्लेटी घेतल्या, पुन्हा एकेका खळग्यात एकेक पेशी, पुन्हा तपासणं. डोळे आता पूर्वीसारखे नव्हते. तीन महिन्यांनी एका खळग्यात ती जुनी, काळीभोर रेघ मिळाली.

ऋतानं तिचं कौतुक केलं आणि सरळच म्हणाली, की मृणालदी, हे असं जीव मुठीत धरून किती दिवस? तिनं सातडीच्या पेशी बंगळुरूला पाठवल्या. तिथे त्यांच्यातला अँटीबॉडीचा जनुक वाचला गेला. काही दिवसांनी ईमेलवर अक्षरांच्या दोन रांगा आल्या, एका पानात मावतील एवढ्या. आता ती अक्षरं कोणत्याही कंपनीला पाठवली की ती हवी तेवढी अँटीबॉडी बनवून देईल. पहिली खेप आली तेव्हा मृणालनं एकाच फिल्मवर दोन्ही लावल्या, पेशींनी बनवलेली आणि कंपनीनं बनवलेली. ज्या पेशींतून स्टॅट-वन काढूनच टाकलंय अशाही तिनं शेजारी घेतल्या. त्या जागी दोन्हींत काही उमटलं नाही, आणि बाकी ठिकाणी दोन्ही रेघा तंतोतंत सारख्या. तिची सातडी खरी होती, इतकी वर्षं खरी होती, आणि आता तिला कोणी खायला घालायची गरज नव्हती. ऋतानं आनंदानं तिला मिठी मारली. मृणालला आनंद झाला नाही असं नाही. पण घरी जाताना सियालदहच्या फलाटावर तिनं दोन गाड्या सोडल्या. बाकावर बसून राहिली. कशासाठी, ते तिला कळलं नाही.

पुढच्या वर्षाअखेर ती निवृत्त झाली. निरोप चांगला झाला. ऋतानं शब्द दिला, की सातडीच्या चार कुप्या आठवण म्हणून पिंपात राहतील.

आता अडवणारं काही नव्हतं. अविनाश निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झाला होता. ती दोन बॅगा घेऊन गेली.

अविनाशनं तिच्यासाठी निम्मं कपाट रिकामं केलं होतं, तळाला नवीन वर्तमानपत्र घातलं होतं. पहिल्या सकाळी त्यानं विचारलं, चहात साखर किती घेतेस? विचारल्यावर त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. पण तिलाही कुठे माहीत होतं, की तो रात्री आता भात खात नाही, की पहाटे उठून फिरायला जातो, की दुपारी दोन ते चार घरात भांड्याचाही आवाज त्याला चालत नाही. ब्रिज खेळायला येणाऱ्या मित्रांना त्यानं ओळख करून दिली, ही मृणाल, कोलकात्याची. दिवाणखान्यात टीव्हीसमोर एकच खुर्ची होती. त्यानं दुसऱ्याच दिवशी दुसरी आणली, ती खुर्ची जरा कोपऱ्यातच मावली. दोघंही एकमेकांशी फार जपून वागत होती. तू आधी आंघोळ कर, नाही, तू कर. स्वयंपाकाच्या बाई मृणालला विचारायच्या, आज काय करू, आणि उत्तर मिळायच्या आत अविनाशकडे बघायच्या.

पूजेची सुट्टी संपल्यावर एका दुपारी ऋताचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. सुट्टीत पिंप कशानं तरी निकामी झालं, नायट्रोजन भराभर उडून गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या कुप्या गेल्या, सातडीच्याही. ऋता पुन्हा पुन्हा माफी मागत होती. मृणालनंच तिची समजूत काढली, की अक्षरं आहेत ना, अँटीबॉडी आहे ना, मग झालं. फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली.

अविनाशनं विचारलं, काय झालं?

"सातडी गेली," ती म्हणाली.

त्यानं टीव्ही बंद केला. सातडी कोण हे त्याला सांगावं लागलं नाही. तो खुर्चीतून उठला, तिच्याजवळ आला, पण हात कुठे ठेवावा हे त्याला सुचलं नाही. मग तो कोपऱ्यातल्या नव्या खुर्चीवर बसला.

"म्हणजे आता तिकडे तुझं काही नाही," तो म्हणाला.

"नाही."

तो आपल्या हातांकडे बघत होता. तिला वाटलं, आता तो म्हणेल, बरं झालं, राहा आता इथेच. त्याचा चेहरा तसा नव्हता. त्यावर भीती होती.

"मृणाल, मला तुझा राग नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता. पण तू आल्यापासून मला झोप लागत नाही. घरात कोणीतरी आहे, असं सारखं वाटत राहतं."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"मलाही लागत नाही," ती म्हणाली.

खाली कोणीतरी सोसायटीचं गेट उघडत होतं, लावत होतं. थोड्या वेळानं अविनाश म्हणाला, चहा करू का, आणि ती हो म्हणाली. त्यानं साखर बरोबर घातली होती.

पुढे चर्चा अशी झालीच नाही. त्यानं हावडा मेलचं तिकीट काढलं. खालचा बर्थ मिळावा म्हणून ओळखीच्या माणसाला फोन केला. नाशिक रोडला त्यानं डब्यात चढून बॅगा नीट लावल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या, वाटेत उपाशी राहू नकोस म्हणाला. गाडी हलली तेव्हा तो खिडकीबरोबर चार पावलं चालला आणि थांबला. तिनं हात हलवला. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरल्यासारखा तिला दिसला, आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही आहे का, याचा ती मनमाड येईपर्यंत विचार करत राहिली. तिच्याही अंगातलं काहीतरी सैल झालं होतं, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. म्हणजे दोघांत चूक कोणाचीच नव्हती. ते तसं असणं जास्त अवघड होतं.

डमडमला ती पोचली तेव्हा ऊन कलत आलं होतं. जिन्यात शेजारच्या दत्तकाकी भेटल्या. म्हणाल्या, अगं, मला वाटलं तू कायमची देशी, आपल्या मुलखात गेलीस. मृणाल म्हणाली, नाही, भेटून आले. घरात बंद जागेचा वास होता. तिनं खिडक्या उघडल्या. नळातून आधी तांबडं पाणी आलं, ते स्वच्छ होईपर्यंत ती बादलीशेजारी उभी राहिली. मग अविनाशला फोन केला.

"पोचले," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "प्रवास ठीक झाला?"

"झाला."

बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, पण फोन कोणी ठेवला नाही. तिकडे त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता. इकडे खाली रस्त्यावर बॅटरीवरच्या रिक्षांचे टोटोवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते, तेही बहुधा त्याला ऐकू जात असणार. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, जेवून घे. ती हो म्हणाली.

तिनं डाळ-तांदूळ धुतले आणि खिचडी टाकली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती मराठीत काहीबाही पुटपुटत होती, बॅगेतले कपडे उद्या धुवायचे, दूध सांगायचं, विजेचं बिल बघायचं. मग तिचं तिलाच ऐकू आलं, आणि ती गप्प झाली. खिचडी थोडी जास्तच झाली होती. उरलेली तिनं झाकून ठेवली, सकाळसाठी.